सातवा कप्पा

वाल्मीक नारपोलीच्या यंत्रमागांच्या वस्तीत सुतारकाम करायचा. लूमचे लाकडी भाग दुरुस्त करणं हाच रोजचा धंदा. भोवती सतत खडखडाट, त्यामुळे घरातही सगळे ओरडूनच बोलायचे. शुक्रवारी मात्र वीज बंद, लूम बंद. त्या दिवशी गल्ली इतकी गप्प व्हायची की कानांत दडे बसल्यासारखं वाटायचं.

१९८७ सालच्या एका शुक्रवारी त्यानं बायकोसाठी पेटी करायला घेतली. मीराबाई गोधड्या शिवायची. तिचे दोरे, सुया, चिंध्या बिस्किटांच्या डब्यांत कोंबलेल्या असायच्या.

"सहा कप्पे करा," ती म्हणाली.

मोडीत निघालेल्या एका लूमचं सागवान त्याच्याकडे पडून होतं. रंधा मारून त्यानं पाच पट्ट्या कापल्या, खाचांत बसवल्या आणि जेवायला गेला. परत येऊन बघतो तर कप्पे सात. सहावी पट्टी काळपट होती, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. त्यानं ती उपटली, खाच बुजवली. पुढच्या शुक्रवारी दुपारी पट्टी पुन्हा जागेवर.

"मीरा, हे तू केलंस?"

"मला खिळा ठोकता येत न्हाय, अन् मी खाच पाडीन?"

तेवढ्यात झाकणाखालून आवाज आला. कापडातून दोरा ओढल्याचा. सर्र... थांबून पुन्हा सर्र.

वाल्मीकनं पेटी उचलली. "खाडीत टाकून येतो."

मीराबाईनं कडी धरली. "राहू द्या. शिवतंय ते. कुणाचं वाईट तर करत न्हाय ना?"

मग दर गुरुवारी ती सातव्या कप्प्यात एक चिंधी आणि दोरा ओवलेली सुई ठेवायला लागली. शुक्रवारी संध्याकाळी चिंधीवर बारीक, सरळ टाके पडलेले असत. वाल्मीक तिकडे बघायचाही नाही. तिनं मात्र नऊ वर्षं त्या चिंध्या जोडून एक गोधडी केली.

१९९६ च्या थंडीत ती आजारी पडली. "ती गोधडी घाला अंगावर," म्हणाली. त्यानं पहिल्यांदाच त्या गोधडीला हात लावला. गोधडी नुकतीच कुणाच्या अंगावरून काढल्यासारखी गरम होती. चार दिवसांनी मीराबाई गेली.

महिनाभरानं एका गुरुवारी वाल्मीकनं स्वतः चिंधी ठेवली. दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर टाक्यांच्या दोन ओळी होत्या. एक बारीक, सरळ. दुसरी जरा तिरकी, मीराबाईच्या हातची.

त्यानंतर तो दर गुरुवारी दोन सुया ओवून ठेवायचा.