बिनठिपक्याचे व्हॉल्व्ह

ओहायोत व्हर्लचं जुन्या रेडिओ-सामानाचं दुकान होतं. लढाई संपल्यावर लष्करानं लिलावात काढलेला माल तो वजनावर उचलायचा, अन लांबलांबच्या गिऱ्हाइकांना टपालानं धाडायचा. खोकी बांधायची त्याची बायको, ऑर्फा. बाई गुणाची, पण नवरा असला संशयी की आपल्या सावलीचीही झडती घेईल!

तसं कारणही होतं बरं का. काही गिऱ्हाइकं रेडिओचा नवा व्हॉल्व्ह, म्हणजे आतली दिव्यासारखी काचेची नळी, न्यायची, आपला मेलेला त्याच डबीत घालून परत करायची, अन वर म्हणायची, चालत नाही. म्हणून व्हर्ल प्रत्येक व्हॉल्व्हच्या बुडाला ऑर्फाच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका लावायचा. ठिपका नाही, तर माल आपला नाही.

एकदा नेब्रास्काहून एका पाद्र्यानं व्हॉल्व्ह परत धाडला. ठिपका नाही!

"पाद्रीसुद्धा चोर!" व्हर्ल कडाडला. पण फळीवरच्या डब्या उघडल्या, तर आतही बिनठिपक्याचे निघाले. म्हणजे चोर दुकानातच येत होता.

"तुझा भाऊच," तो म्हणाला. "दर शनिवारी येतो, घेत काही नाही, हात मात्र सगळ्याला लावतो."

"अहो, क्लीट कॉफी प्यायला येतो!"

"कॉफीला एवढा ढगळ कोट लागतो?"

शनिवारी व्हर्लनं क्लीटला दारातच अडवलं. "खिसे दाखव."

"दाजी, रुमाल आहे, शेंबडाचा. बघायचाय?" एवढं बोलून क्लीट आल्या पावली गेला.

ऑर्फाला वाटलं, दाखवले का नाहीत? सख्खा भाऊ, पण शंका मेली एकदा घरात शिरली की पाय पसरते. भावाला तिनं फोनसुद्धा केला नाही.

मग एकदा केर काढताना तिनं घरातला रेडिओ भिंतीपासून ओढला. आत बघते, तर सगळ्या व्हॉल्व्हांना लाल ठिपके!

"अहो, हे कुठले?"

"फळीवरचेच. जुने गेले की बदलतो."

"अन जुने?"

"डबी रिकामी दिसू नये म्हणून त्याच डबीत..." अन व्हर्लचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

दोघं क्लीटच्या घरी गेली. व्हर्लनं सगळं सांगितलं. क्लीट पोट धरून हसला. मग बहिणीकडं वळला.

"अक्का, तुलाही वाटलं होतं का गं?"

ऑर्फानं मान खाली घातली.

पुढं शनिवारी तो यायचा. पण हात पाठीशी बांधून उभा राहायचा. ऑर्फा म्हणायची, "अरे, हातात घेऊन बघ ना."

"नको अक्का. दिसतंय की इथनं."