कातडं पांघरलेलं लेकरू

नव्वदच्या दशकात, गोरेगाव या आमच्या खेड्यात, एसटी स्टँडजवळच्या हॉटेलात आम्ही दर रविवारी सकाळी टीव्हीवर अंतराळातली मालिका बघायचो. एक मेंढपाळ मेंढरं बाहेर थांबवून, दारातच काठीवर हनुवटी टेकून बघायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

एका भागात परग्रहावरचा शत्रू मेलेल्या कप्तानाचं रूप घेऊन त्याच्या घरी गेला. कप्तानाच्या आईनं त्याला लेक समजून जेवू घातलं. आम्ही ओरडलो, "म्हातारे, फसलीस!" मेंढपाळ मिशीत हसला.

"कातडं पांघरलंय त्यानं. आमी बी तेच करतो. मेंढीचं पिल्लू मेलं की त्याचं कातडं पोरक्या पिल्लावर बांधतो. वासानं मेंढी त्याला आपलंच समजून पाजती."

पुढच्या रविवारी शत्रू पकडला गेला. हॉटेल टाळ्यांनी दणाणलं. मेंढपाळ तरातरा आत आला.

"काहून धरून राहिले त्याला? जेवला ना तिच्या हातचं?"

"अहो, परग्रहावरचा आहे तो!" मी म्हणालो.

"असू द्या. दोन-तीन दिसांनी आमी कातडं काढून टाकतो, तरी मेंढी त्याला ढकलत न्हाई. तुमाला काय तकलीफ हाय?"

सगळे खो खो हसले. मीही.

त्याच्या पुढच्या रविवारी शत्रूला गोळी घालणार होते. म्हातारी दारात उभी, शिपायाची बंदूक त्याच्यावर रोखलेली, आणि नेमकी लाईट गेली. एरवी हॉटेलभर शिव्या सुरू व्हायच्या. त्या दिवशी सगळे दारातल्या मेंढपाळाकडे वळले. मी तर मनातल्या मनात लाईटला म्हणालो, आजचा भाग संपेपर्यंत येऊच नको.