मे महिन्यातलं बेट आणि कुंदाताई

आठ जून, रविवार. सकाळपासून लोणच्याच्या कैऱ्या फोडत होते. अर्ध्या झाल्या होत्या, तेवढ्यात ऑफिसातल्या साहेबांचा फोन आला. धरणातल्या बेटावरच्या कॉटेजेसचं उद्घाटन बुधवारी ठरलं आहे. त्या वसाहतीला कुंदा मेश्राम यांचं नाव द्यायचं, दगड कोरून बेटावर पोचलासुद्धा. मी पाच मिनिटं त्यांच्याबद्दल बोलायचं. आणि काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर माझी सही तेवढी राहिली आहे, ती सोमवारी करून टाकायची. "मॅडम का ही नाम है, अब आप तो मना नहीं करेंगी," असं म्हणून साहेब हसले.

मी कैऱ्या झाकून ठेवल्या, हात धुतले आणि लिहायला बसले. कुंदाताईबद्दल पाच मिनिटांत बोलता येत नाही, आणि तिला न ओळखणाऱ्यांसमोर साहेबांनी ती कशी होती हे सांगावं, हे मला सहन होणार नाही.

कुंदाताई कुठंही गेली की आधी संडास बघायची. सरकारी विश्रामगृह असो, हॉटेल असो, नातेवाइकाचा नवा फ्लॅट असो, तिला बाल्कनी दाखवून उपयोग नसे. ती संडासात जाऊन पाणी ओतायची, मग घराच्या मागं जाऊन पाइप कुठं जातो ते बघायची. आमच्या ऑफिसातल्या एकाच्या मुलीचं लग्न रायपूरला भनपुरीकडच्या एका लॉनमध्ये होतं. आम्ही ताटं घेऊन उभे, आणि ही मांडवामागून साडी सावरत आली. मला म्हणाली, "वंदे, पाणी पिऊ नको. बोअर आणि शोषखड्डा शेजारी शेजारी हाय." मग वधूपित्याला गाठून तिनं तेच सांगितलं, अक्षता पडायच्या आधी. तो माणूस पुढं कित्येक महिने तिच्याशी बोलला नाही. "काहून बोलत नाही तो?" असं ती मलाच विचारायची, आणि खरोखर तिला कळायचं नाही.

आम्ही दोघी पर्यटनाच्या कामाच्या इंजिनिअर. ती माझी वरिष्ठ. तिचे वडील नागपूरकडून रेल्वेत लागून रायपूरला आले, ती रेल्वे कॉलनीत वाढली, इथल्याच कॉलेजात शिकली. मीटिंग हिंदीत असली तरी राग आला की ती मराठीत शिरायची आणि समोरच्याला समजलं की नाही याची काळजी करायची नाही. समजायचं सगळ्यांना. माणूस म्हणून ती सोपी नव्हती. दुसऱ्याचा डबा न विचारता उघडायची, नकाशात चूक सापडली की करणाऱ्याच्या शिक्षणापर्यंत जायची, आणि माफी मागायची तर चहा पाजून, तोंडानं नाही.

बेट आमच्याकडं आलं तेव्हा फायलीत त्याच्यापुढं 'निर्जन' लिहिलं होतं. धरण झालं तेव्हा खालचं गाव बुडालं, टेकडीचा माथा तेवढा वर राहिला. गावाला दुसरीकडं जमिनी दिल्या म्हणून कागदावर बेटावर कोणी नाही. प्रत्यक्षात काही घरं त्या माथ्यावरच राहिली. मासे धरायचे, मोहाची फुलं वेचायची, कोदोचं भरडधान्य पेरायचं. आमची होडी टेकली तेव्हा काठावरून वाकून हंडा भरत असलेली एक बाई आमच्याकडं बघत होती. ती सुकवारोबाई. कुंदाताईनं फाइल उघडून तो शब्द पाहिला, मग बाईला पाहिलं आणि हिंदीत विचारलं, "दीदी, आप निर्जन हो क्या?" सुकवारोबाईला शब्द कळला नाही. ती म्हणाली, "हव." म्हणजे हो. कुंदाताई इतकी हसली की होडी हलली. पण ऑफिसात परतल्यावर तिनं पहिलं काम केलं ते तो शब्द खोडून घरांची नोंद करण्याचं.

तिथं तिनं जी पहिली गोष्ट बांधली ती फसली, हेही सांगायला हवं. बेटावरच्या लोकांसाठी तिनं टाइल लावलेले, निळ्या दाराचे सुरेख संडास उभे केले. दोन महिन्यांनी आम्ही गेलो तर प्रत्येकात मोहाची फुलं भरून ठेवलेली, वर कुलूप. कुंदाताई संतापली. सुकवारोबाई तिच्या रागाला जराही न घाबरता म्हणाली, "अतका सुघ्घर घर हे दीदी, एमा कइसे गंदा करबो?" इतकं छान घर, यात घाण कशी करायची? त्या दिवशी कुंदाताई परतली नाही, तिथंच मुक्कामाला राहिली. सकाळी बायकांबरोबर परसाकडं गेली आणि परत येऊन मला सगळं सांगितलं. बेटाला दोन बाजू आहेत. मागच्या उतारावर, वारा पलीकडं जातो तिथं, बायका जातात. पुढच्या बाजूनं पिण्याचं पाणी भरतात. पाणी चढतं तसा घाट वर सरकतो, उतरतं तसा खाली, पण बाजू बदलत नाही. लहान मुलंसुद्धा पुढच्या बाजूला पाय धूत नाहीत. "हे यायले कोणी शिकवलं नाही आणि आपल्याले कॉलेजात नाही शिकवलं," ती म्हणाली. मग मागच्या उतारावर, उंचावर, साध्या विटांचे संडास झाले. ते वापरले जातात. निळ्या दारांत अजून मोह आहे.

पाहुण्यांसाठीही तिनं हाच नियम लावला. कॉटेज नको. थंडीचे तीन-चार महिने लोकांच्या घरी राहायचं, कोदोचा भात आणि मासे खायचे, होड्या बेटावरच्या लोकांच्या, पाहुण्यांचा संडासही मागच्याच उताराला. पक्का धक्का बांधला तर वर्षातले सहा महिने तो पाण्याखाली, उरलेले सहा महिने पाण्यापासून लांब, म्हणून पिंपांवर तरंगणारा धक्का. ती पिंपं आणायला आम्ही भनपुरीला गेलो. दुकानदार म्हणाला, तेलाची आहेत. कुंदाताईनं एकेका पिंपात डोकं घातलं आणि वास घेतला. रसायनाचा वास आला ती, अर्ध्याहून जास्त, बाजूला काढली. दुकानदार वैतागून म्हणाला, "मॅडम, पानी में ही तो डालना है." ती पिंपातूनच ओरडली, "हाव, तेच पाणी बाया पितात." आतून आवाज घुमून आला, गोदामातले सगळे हमाल थांबून बघायला लागले.

त्या दोन हिवाळ्यांत ते बेट चांगलं चाललं होतं. गर्दी नव्हती, बक्षिसं नव्हती, पण बेटावरच्या पोरांनी नागपुरातली कामं सोडून होड्या घेतल्या. होडीत बसताना प्रत्येकाची पिशवी बघायची आणि जेवढी पाकिटं गेली तेवढी परत यायला हवीत, हा कुंदाताईचा नियम होता. एकदा एका मोठ्या अधिकाऱ्याच्या बायकोनं चिप्सचं पाकीट पाण्यात टाकलं. कुंदाताईनं होडी वळवायला लावली, वाकून पाकीट काढलं आणि ओलं तसंच त्यांच्या मांडीवर ठेवलं. "बहनजी, आपका सामान गिर गया था." मी दुसरीकडं तोंड केलं. बाईंनी रायपूरला पोचल्यावर तक्रार केली, आणि माझ्या मते सगळं तिथून फिरलं.

साहेबांना 'मोठा विचार' हवा होता. बाहेरच्या शहरातून सल्लागार आले. त्यांनी बेट पाहिलं मे महिन्यात. मे महिन्यात पाणी खाली गेलेलं असतं, बेट तिप्पट मोठं दिसतं, आणि पुढच्या बाजूला सपाट, पांढऱ्या वाळूचा रुंद पट्टा उघडा पडतो. तिथून सूर्यास्त सुंदर दिसतो. सल्लागारांनी त्याच बाजूला कॉटेजेस आखल्या. कॉटेजेस थोड्या उंचीवर, आणि त्यांच्या संडासांच्या टाक्या आणि शोषखड्डे खालच्या वाळूत, कारण वाळूत पाणी मुरतं. ऑगस्टमध्ये ती वाळू पाण्याखाली असते. म्हणजे टाक्याही. आणि पाणी भरायचा घाटही तिथंच, कारण तीच पुढची बाजू. धरणाच्या काठावर वाढलेल्या कुठल्याही पोराला हे दिसलं असतं. या लोकांना दिसलं नाही, कारण ते एकदाच आले आणि सूर्यास्ताच्या वेळी आले.

आमच्या शंकर नगरच्या ऑफिसात सादरीकरण झालं. पडद्यावर चित्रं, दिवे, खुर्च्यांत बसलेली गोरी माणसं. कुंदाताईनं विचारलं, ऑगस्टचा फोटो दाखवा. नव्हता. साहेब म्हणाले, "मॅडम, टूरिस्ट को सनसेट चाहिए." तेव्हा ती उभी राहिली आणि मराठीत बोलली. ते मला शब्दशः आठवतं. "पाहुणा येईन, सनसेट पाहीन, फोटो काढीन, चालला जाईन. मागं काय ठेवून गेला, ते सुकवारोच्या हंड्यात येते. आणि पावसाळ्यात बुकिंग घेत असान, तर पाहुण्याईले पोहता येते का, तेवढं आधी विचारून घ्या." कोणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. महिनाभरात बेटाचं काम तिच्याकडून काढलं आणि तिला पगारपत्रकाच्या टेबलावर बसवलं. तिथंही ती सल्लागारांच्या नकाशावर हरकती लिहून पाठवत राहिली. एकीचंही उत्तर आलं नाही. सगळ्यांवर 'पाहिले' असा शेरा पडला.

मग तिच्या किडन्या गेल्या. साखरेकडं तिनं कधी लक्ष दिलं नव्हतं. दुसऱ्याच्या टाकीकडं बघायला वेळ होता, स्वतःच्या शरीराकडं नाही. यावरून मी तिच्याशी भांडले आहे. डायलिसिसला मी दोनदा बरोबर गेले. दुसऱ्या खेपेला मशीनच्या नळ्यांकडं बघत तिनं तिथल्या मुलाला विचारलं की हे खराब पाणी दवाखान्याबाहेर कुठं सोडता. त्याला माहीत नव्हतं. माहिती काढून ठेव, पुढच्या वेळी विचारीन, असं तिनं त्याला बजावलं. मला म्हणाली, "त्या बेटाचं तू पाहशीन. साहेब गोड बोलीन. गोड बोलला का समज, काहीतरी दाबून राहिला." फेब्रुवारीत गेली. स्मशानात त्रिशरण-पंचशील झालं, आणि रडणाऱ्यांत साहेबही होते. शोकसभेत ते म्हणाले की बेटाचा विकास हे मेश्राम मॅडमचं स्वप्न होतं. तिच्या जागेचा प्रभार माझ्याकडं आला.

एवढं लिहून झालं तोवर दुपार कलली. मी प्राचीला फोन केला. प्राची कुंदाताईची मुलगी, बँकेत आहे. मराठी समजते, बोलते हिंदीत. तिला साहेबांनी आधीच निमंत्रण दिलं होतं. ती खुश होती. सदर बाजारातून साडी घेऊन आली होती, बुधवारसाठी. मी तिला सांगितलं की मी सही करणार नाही, आणि का ते सांगितलं. वाळू, टाक्या, घाट, सगळं. ती चिडली.

"मौसी, ज़िंदगी भर मम्मी को किसी ने कुछ नहीं दिया. एक बार नाम लग रहा है. आपसे वो भी नहीं देखा जाता?"

मी म्हटलं, "प्राची, त्या पाण्यानं तिथलं एखादं मूल आजारी पडलं, तर आईबाप कोणाचं नाव घेतील? दगडावर जे असेल तेच घेतील."

तिनं फोन ठेवला. मला वाईट वाटलं, पण राग जास्त आला. तिच्यावर नाही. या माणसांनी कुंदाताईला हयातीत टेबलाला बांधलं, आता तिच्या नावानं माझी सही आणि तिच्या मुलीचा आनंद दोन्ही एकाच दगडाखाली ठेवले, आणि याला ते आदर म्हणतात. तिच्या एकाही हरकतीला उत्तर न देता तिचं नाव मात्र कोरायला त्यांना कारागीर मिळाला.

रात्री कैऱ्यांना मीठ-हळद लावून ठेवली आणि झोपले.

सोमवारी सकाळी ऑफिसात न जाता पहिल्या बसनं धरणावर गेले. पलीकडं सुकवारोबाईनं नेलं. कॉटेजेस अजून ठेकेदाराकडून माझ्या ताब्यात यायच्या होत्या, म्हणजे त्या वापरू द्यायच्या की नाही हा माझा अधिकार होता. प्रत्येक संडासाला कुलूप घातलं आणि दारावर 'वापरास अयोग्य' असं हिंदीत लिहून खाली सही केली. चौकीदारानं विचारलं, किसका ऑर्डर है. मी माझं नाव सांगितलं. नावाचा दगड भिंतीला टेकवून ठेवला होता, वर लाल कापड. चौकीदार आणि आणखी दोघांना हाताशी घेऊन मी तो उचलला आणि होडीत ठेवला.

चौकीदारानं कळवलं असणार, निम्म्या पाण्यात असताना साहेबांचा फोन आला. मी म्हटलं, दाखला मिळणार नाही, कारणं दुपारी लेखी देते, आणि दगड मी परत घेऊन येते आहे. ते मोठ्यानं बोलायला लागले. मी त्यांना थांबा म्हटलं आणि फोन ठेवला, कारण दगडाच्या वजनानं होडी खाली बसून पाणी आत येत होतं, आणि सुकवारोबाईनं वल्हं न सोडता डबा माझ्याकडं सरकवला होता. मी पाणी उपसायला लागले.