पेटीपासून दोन पावलं

मी राहते त्या रॉटरडॅमला बंदराजवळ एक छोटं म्युझियम आहे. पूर्वी इथून बोटीने कायमचे अमेरिकेला गेलेल्या लोकांच्या पेट्या, तिकिटं, फोटो तिथे मांडलेत. तिथल्या राखणदाराचं नाव मी कधी विचारलं नाही. सत्तरीचा माणूस, शर्टाचं अगदी वरचं बटणसुद्धा लावलेलं. कुणी वस्तूजवळ गेलं की तो हात वर करून इंग्रजीत म्हणतो, "दोन पावलं मागे." शाळेची पोरं असोत की सुटातले साहेब, आवाज तोच. गावाकडचे पाहुणे आले की मी त्यांना तिथे नेते, त्यामुळे मीही ते बरेचदा ऐकलंय.

यंदा आई आली होती. तिचा जन्म मोळ्या बांधण्यात गेला. घरात कॉलेजची पायरी चढले ती मीच पहिली. दोरीने बांधलेल्या एका जुन्या पेटीपुढे आई थांबली.

"ही गाठ कुणी मारली गं? बंदरातच सुटंल. अमेरिका तर लांबच राहिली."

"काय म्हणतात त्या?" राखणदाराने मला विचारलं.

काहीतरी गुळमुळीत सांगून वेळ मारून नेता आली असती. पण मी शिकले ते आईचं बोलणं गिळायला नाही. जसंच्या तसं सांगितलं.

"गाठ मीच मारलीय," तो म्हणाला.

त्याने पेटीकडे पाहिलं, मग आईच्या हातांकडे. स्वतःची गाठ सोडली आणि दोरीचं टोक तिच्यापुढे धरलं.

आईने पदर खोचला, पेटीला गुडघा लावला आणि दोरी आवळली. त्याचा हात सवयीने वर उठला. मग तो स्वतःच दोन पावलं मागे सरकला.