खांद्यापर्यंत हात

पिशवी शिवून झाली की शेवंताबाई तिच्यात खांद्यापर्यंत हात घालायच्या आणि डोळे मिटून प्रत्येक कोपरा चाचपायच्या. शिवताना तुटलेलं सुईचं टोक आत राहिलंय का, हे बघायची ती त्यांची रीत. "अंधारात हात घालनाऱ्याला सुई दिसत न्हाई," एवढंच म्हणायच्या.

वरवे गावातल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये सैन्यासाठी कॅनव्हासच्या पिशव्या शिवल्या जायच्या. शिवायच्या त्या पंधरा जणी. मी देखरेख करायची. भोरहून एसटीने यायची, कडक इस्त्रीची साडी नेसून, अर्थशास्त्रातली दुसऱ्या वर्गातली पदवी जणू कपाळावर चिकटवून. आज नातवंडांच्या खोड्या काढणारी म्हातारी तेव्हा इतकी गंभीर होती, यावर घरात कुणाचा विश्वास बसत नाही.

सीमेवर लढाई पेटली आणि आमची ऑर्डर तिप्पट झाली. मला व्याख्यानाला निमित्तच हवं होतं. जेवणाच्या सुट्टीत मी बायकांना समजावलं, की लढाईनं देशाची भरभराट होते. गिरणी चालते, दोऱ्याचा कारखाना चालतो, टेम्पोला फेऱ्या मिळतात, नाक्यावरचा चहावालासुद्धा दुप्पट दूध घेतो. एका पिशवीमागं किती हात हलतात बघा!

शेवंताबाई भाकरी मोडत होत्या. "बाई, आन् पिशवी ज्येच्या खांद्याला हाय, त्यो धरला का ह्यात?"

तो विषय वेगळा असतो, असं काहीतरी मी म्हणाले. पुस्तकात तो नव्हता खरा.

त्यांचा मुलगा मारुती तिकडेच, सीमेवर होता. त्यांच्या गावी, कामथडीला, घरी फोन नव्हता, म्हणून त्याला शेडचा नंबर दिलेला. तीन आठवडे त्याचा आवाज नव्हता. फोन खणखणला की मी नव्या ऑर्डरच्या आशेनं पदर खोचून धावायची, आणि मागे शेवंताबाईंचं मशीन थांबायचं. त्याचा फोन नाही असं कळलं की पुन्हा सुरू. त्या दिवसांत त्यांचा हात पिशवीत जास्तच वेळ राहू लागला. मी घड्याळ दाखवून सांगितलं, हे चाचपणं आता बंद करा, वेळ जातो. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, पुढची पिशवी ओढली आणि तिच्यातही हात घातला.

मग एका दुपारी पुण्याच्या ठेकेदाराचा फोन आला. मी ऐकलं, रिसीव्हर ठेवला आणि बायकांकडे वळले. माझं तोंड कसं झालं असेल, हे आजही आठवायला नको वाटतं. सगळी मशीनं थांबली. शेवंताबाई उभ्या राहिल्या. हात पिशवीतच होता.

"कुठं पडला?"

मला कळेचना. "कोण पडला? लढाई थांबली हो," मी रडवेल्या आवाजात म्हणाले. "आपली ऑर्डर गेली."

त्यांनी पिशवीतून हात काढला आणि त्या खाली बसल्या. कुणीतरी पाणी दिलं, ते त्यांच्या हातातच राहिलं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, तुमचं त्वांड बघून म्या माझं लेकरू जाळून आली."

आठ दिवसांनी मारुतीचा फोन आला. तोवर निम्म्या बायकांचं काम सुटलं होतं, शेवंताबाईंचंही. ते त्यांना गोड लागलं असं नाही. भाताच्या लावणीला परक्याच्या शेतात वाकताना त्या मला म्हणाल्या होत्या, "काम जाऊ दे बाई. पर असलं काम मागायला त्वांड उघडत न्हाई."

गेल्या वर्षी त्या गेल्या. मारुतीच्या मिशा पिकल्या, आणि आता त्याचा मुलगा सीमेवर आहे. टीव्हीवर पुन्हा रोज नकाशे दाखवतात. माझी नात हायवेलगतच्या, सैन्याला माल पुरवणाऱ्या एका कारखान्याच्या ऑफिसात आहे. परवा उत्साहानं सांगत होती, आजी, लढाई झाली तर आमच्याकडे एवढं काम येईल, की नवीन माणसं घ्यावी लागतील. तिच्या अंगावर मला कडक इस्त्रीची साडी दिसली.

मी काही बोलणार, तेवढ्यात तिचा फोन वाजला. ऐकता ऐकता तिचं तोंड उतरलं. मी निवडत होते ती मेथी हातातच राहिली.

"कुठं पडला?" मी विचारलं.

"कोण, आजी?" ती म्हणाली. "ऑर्डर दुसऱ्यांना गेली."