पाण्याचा फोटो पाठवा

मी राहतो बारामतीच्या कडेला जळोचीत आणि शिकवायला जातो इंदापूर तालुक्यात, वालचंदनगरच्या पुढच्या एका वाडीवर. चौथीचा वर्ग. हंगामात त्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची अशी रांग लागते, की पुढचा ट्रॅक्टर कारखान्यात रिकामा होऊन परत फडात येतो तरी मागचा अजून बांधावरच उभा असतो. थोडं वाढवून सांगतोय, पण फार नाही. पुढचं जे सांगणार आहे त्यात मात्र तिळाएवढंही वाढवलेलं नाही. ते वाढवायची माझी छातीच नाही.

शाळा बंद होत्या त्या काळात आम्ही पालकांचा मोबाईलवर एक ग्रुप केला होता. शाळा उघडल्या, ग्रुप तसाच राहिला. मला त्याचा फार अभिमान. मोबाईलवर शिकवण्यात उजनीपासून निरेपर्यंत आपल्या तोडीचा मास्तर नाही, ही बातमी तालुक्यात पसरली होती, आणि पसरवणारा एकटा मीच होतो. दर शनिवारी मी ग्रुपवर एक काम द्यायचो. मुलांनी रविवारी घरच्या मोबाईलवर फोटो काढून टाकायचा. संध्याकाळपर्यंत ज्याच्या फोटोला सगळ्यात जास्त अंगठे, त्याच्या नावापुढं सोमवारी भिंतीवरच्या तक्त्यात एक तारा.

हा अंगठ्यांचा नाद असा काही लागला की विचारू नका. एकाच्या आजोबांनी पंचायतीच्या निवडणुकीसारखा प्रचार केला. दूध घालायला येणाऱ्या प्रत्येकाला ते म्हणायचे, "आमच्या नातवाला अंगठा दे, मग कॅन खाली ठेव." मामा, मावश्या, आत्याचे दीर, सगळे ग्रुपात घुसले. चौथीत मुलं सव्वीस आणि ग्रुपात माणसं दोनशेच्या घरात. मला वाटायचं, वा, समाज शाळेशी जोडला गेला.

त्या आठवड्यात 'पाणी' हा धडा चालू होता. शनिवारी मी लिहिलं, 'आपल्या घराजवळच्या पाण्याचा फोटो काढून पाठवा. सर्वात सुंदर फोटोला तारा.' एवढंच. मोठ्या माणसाला बरोबर घ्या, लांबून काढा, यातलं एक अक्षर लिहिलं नाही. आमच्या भागात घराजवळचं पाणी म्हणजे काय असतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. डाळिंबवाल्याचं शेततळं असतं. चारी बाजूंनी मातीचा भराव घातलेला, आत काळा प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला, त्यावर बोटभर शेवाळ, आणि पाणी तीन पुरुष खोल. त्यात पडलेलं कुत्रंसुद्धा बाहेर निघत नाही. नख रोवायला जागाच नसते.

रविवारी जेवून मी मोबाईल घेऊन बसलो. फोटो येत होते. माठ, नळ, जनावरांचा हौद, ठिबकच्या नळीचा एक थेंब. साडेतीनच्या सुमाराला एका मुलीचा फोटो आला. वर्गात पुढच्या रांगेत बसणारी, कमी बोलणारी मुलगी. वर्षभरात तिला एकही तारा मिळाला नव्हता. फोटोत खाली तिचे दोन अनवाणी पाय, पायाखाली काळा कागद, पायाच्या बोटांपासून वीतभर अंतरावर पाणी, आणि त्या पाण्यात अख्खं आभाळ उतरलेलं. फोटो खरंच सुंदर होता. मी त्याला अंगठा दिला. पहिला अंगठा माझा.

लगेच मला एकट्याला तिचा आवाजातला निरोप आला. चार सेकंदांचा. "सर, ह्यो नीट न्हाय आला. अजून खाली जाऊन काडते."

मी लिहिलं, 'खाली जाऊ नको.' त्यापुढं एकच टिक आली. दुसरी येईना. मी ती टिक बघत बसलो. फोन लावला तर बंद. पुन्हा लावला, बंद.

"अहो, काय झालं?" बायकोनं विचारलं.

मी मोबाईल तिच्यापुढं धरला. तिनं फोटो बघितला, निरोप ऐकला, आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "बसलाय काय. निघा."

त्या घरात मोबाईल एकच होता, तिच्या वडिलांचा, आणि तोच बंद. मी ग्रुपवर लिहिलं, 'ही मुलगी कुठे आहे? कोणीतरी ताबडतोब तळ्यावर जा.' त्यावर चार अंगठे आले. एका मामांनी लिहिलं, 'सर, एक नंबर फोटो.' कुणी वाचतच नव्हतं, नुसते अंगठे देत होते. तशी सवय मीच लावली होती.

त्या वस्तीच्या जवळ एक तात्या राहतात, माझ्याच वर्गातल्या एका मुलाचे आजोबा. त्यांना फोन लावला.

"तात्या, शेजारच्या डाळिंबवाल्यांच्या तळ्यावर जा. आत्ता. त्यांची पोरगी तिथं आहे."

"त्यांच्याकडं आज कोण न्हाय, सर. आई-बाप दोगंबी फोन घरीच ठिवून लग्नाला गेल्यात लासुर्ण्याला. पोरगी आमच्याकडं खेळायला येनार व्हती."

"आलीय का?"

तात्यांनी घरात हाक मारून बघितली. "न्हाय," म्हणाले. "गुडघ्यानं मला पळता येत न्हाय, पन जातो."

मी मोटरसायकल काढली. रस्ता किती वेळात तोडला ते सांगत नाही, कारण कुणी विश्वास ठेवणार नाही आणि पोलीस ठेवतील. भवानीनगरच्या अलीकडं ट्रॉल्यांची रांग लागली होती. मी खालच्या साइडपट्टीवरून गाडी घातली. ट्रॅक्टरवाले शिव्या घालत होते, त्या मला आशीर्वादासारख्या वाटत होत्या, निदान त्यात माणसाचा आवाज होता. सगळ्या वाटेवर माझ्या कानात ते चार सेकंद वाजत होते. 'अजून खाली जाऊन काडते.' मी देवाशी घासाघीस करत होतो. माझी नोकरी घे म्हणालो. मग एक डोळा देऊ केला. जंक्शन गावच्या चौकात दोन्ही पाय देऊन टाकले. वालचंदनगर येईपर्यंत द्यायला माझ्याकडं काही उरलं नव्हतं.

मध्येच खिशातला मोबाईल थरथरला. तात्या असतील म्हणून थांबून बघितलं. तात्या नव्हते. तिच्या फोटोला चौतीस अंगठे झाले होते.

वस्तीवर पोचलो तर तात्या तळ्याच्या भरावावर उभे होते. कुंपणाची जाळी एका कोपऱ्यात वर उचललेली होती, लहान मूल आत जाईल एवढी. तात्यांच्या हातात एक लहान चप्पल होती, निळ्या पट्ट्याची.

"एक हितं व्हती," ते म्हणाले. "दुसरी तितं हाय."

दुसरी पाण्यात तरंगत होती, काठापासून चार हातांवर. पाणी अगदी स्थिर होतं. मी त्या पाण्यात बघितलं आणि मला आभाळच दिसलं, फोटोत होतं तसंच.

"किती वेळ झाला तुम्हाला येऊन?"

"धा मिनटं झाली आसतील. ह्या गुडघ्यानं यायलाच येळ लागला. हाका मारल्या. सर, तुमाला पवता येतं न्हवं? नातू सांगत आस्तो, तुमी पुरात निरा पार केली, पाठीवर म्हस घिऊन."

हो, हे मी वर्गात सांगितलं होतं. म्हैस गाभण होती असंही सांगितलं होतं. खरं म्हणजे मला पोहता येत नाही. कमरेएवढ्या पाण्यात माझे पाय जमीन सोडायला तयार होत नाहीत. हे तोवर बायकोशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

"नाही येत," मी म्हणालो.

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्यांनी खुंटीला बांधलेल्या दोराकडं बोट केलं. शेततळ्यावर असा एक गाठी मारलेला दोर सोडलेला असतो, कुणी पडलंच तर धरायला. मी बूट काढले आणि दोर धरून उलट्या पायांनी उतरायला लागलो. तिसऱ्या पावलाला शेवाळावरून पाय गेला आणि मी सरळ गळ्याएवढ्या पाण्यात. पाणी बर्फासारखं. दोर एका हातात राहिला. दुसऱ्या हातानं, पायांनी मी खाली चाचपायला लागलो. मला तळ लागत नव्हता आणि लागू नये असंही वाटत होतं. पायाला काही मऊ लागलं तर मी काय करणार होतो, हे मला अजून माहीत नाही. एकदा लागलंही. कागदाची सुरकुती होती. मी ओरडलो असेन, कारण तोंडात पाणी गेलं आणि हातातला दोर सुटला.

"सर, तिकडं न्हाय. पायप धरा, पायप. उजवीकडं."

आवाज वरून आला. मी हात मारला आणि मोटारीचा जाड काळा पाइप हाताला लागला. त्याला मिठी मारून वर बघितलं. भरावावर तात्यांच्या शेजारी ती उभी होती. ओला फ्रॉक, गुडघे सोललेले, केसांत चाऱ्याच्या कडवळाची पानं. तिनं दोर ओढून घेतला, त्याला कुंपणाला टांगलेली हवेची ट्यूब अडकवली आणि माझ्याकडं नेमकी टाकली. मग तात्या आणि ती, साठ वर्षांचं अंतर असलेली दोघं, मला वर ओढायला लागली. माझं वजन सांगत नाही. त्या दिवशी मला ते पहिल्यांदा जास्त वाटलं.

वर आल्यावर मी मातीत पालथा पडलो. ती जवळ आली.

"सर, फोन पान्यात पडला. आप्पा मारतील म्हनून मी कडवळात लपले. तात्या आलं तवा वाटलं, त्यास्नी कळलंय."

"तू पण पडली होतीस?"

"व्हय. घसरले. पायप घावला." एवढं सांगून तिनं कोपर दाखवलं. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी गेली होती. ती किती वेळ त्या पाइपाला धरून होती, ते तिला सांगता येत नव्हतं. "लई येळ," म्हणाली. "हात दुखाय लागलं, मग येंगून वर आले."

तेव्हा मला खरी भीती वाटली. पाण्यात वाटली होती ती काहीच नव्हती. मला हुडहुडी भरली, दात इतके वाजत होते की तात्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून माझ्या अंगावर टाकलं आणि पोरीला म्हणाले, "तुज्या सराला चा लागंल. चल, घरला चल."

तिचे आई-वडील लग्नाहून आले तेव्हा आम्ही तिघं तात्यांच्या ओट्यावर बसलो होतो. मीच उठून सगळं सांगितलं. आईनं पोरीला जवळ ओढून तिचं कोपर बघितलं, मग गुडघे, मग परत कोपर. वडील ऐकत उभे होते. डोक्यावर लग्नातला फेटा तसाच होता.

"फोन मी भरून देतो," मी म्हणालो.

"फोनचं ऱ्हाऊ द्या. सर, ह्यो फोटो काडाय तुमी सांगितला व्हता?"

"होय."

"आनि ती जाळीखालनं गेली."

"होय."

त्यांनी पोरीला उचलून कडेवर घेतलं. चौथीतली मुलगी कडेवर घ्यायची नसते, तिचे पाय त्यांच्या गुडघ्याखाली लोंबत होते. तसेच ते अंधार पडायच्या आत घराकडं गेले. जाळीचा तो कोपरा त्यांनी त्याच संध्याकाळी तारेनं बांधला, हे मला तात्यांनी फोनवर सांगितलं.

घरी येऊन मी ग्रुपवरून तो फोटो काढून टाकला. तेव्हा त्याला एकसष्ट अंगठे होते. लगेच दोघांतिघांनी विचारलं, 'सर, फोटो का डिलीट केला? तोच पहिला येणार होता.' रात्रभर पायाखाली ती सुरकुती लागत राहिली.

सोमवारी वर्गात गेलो. ती आली नव्हती. मुलं तक्त्याकडं बघत होती, तारा कुणाला मिळतो म्हणून. मी तक्ता खिळ्यावरून काढला आणि उलटा करून कपाटात ठेवला. मग विचारलं, "काल फोटो काढायला पाण्याच्या अगदी काठावर कोण कोण गेलं होतं? खरं सांगा. मी रागावणार नाही."

मुलं एकमेकांकडं बघायला लागली. एकानं विचारलं, "सर, तळ्याच्या का हिरीच्या?"

"कुठल्याही."

एक हात वर आला. मग मागच्या बाकावरचे दोन. मग खिडकीकडची सगळी रांग. मी मोजत होतो, आणि अकराच्या पुढं मला मोजवेना. ज्या फोटोंकडं मी नुसता माठ, नुसती विहीर म्हणून बघून पुढं गेलो होतो, त्यातल्या कितीतरी फोटोंच्या मागं कुणीतरी वाकून उभं होतं.

"बरं. हात खाली करा," मी म्हणालो.

सगळे हात खाली गेले. पहिल्या बाकावरच्या एका मुलीचा तेवढा वरच राहिला.

"काय गं?"

"सर, मी दोनदा गेलते हिरीवर. पैल्यांदा अंगठं कमी पडलं."

मी खुर्चीवर बसलो. ती हात वर धरून माझ्याकडं बघत होती, आपण दोनदा गेलो याचं सर काहीतरी कौतुक करतील म्हणून.