शेततळ्यातल्या मुलीची गोष्ट

मी भयकथा लिहिते हे धुळ्यात सांगितलं की लोक आधी हसतात. नोकरीत असताना सहकारी विचारायचे, "तुम्ही? दिसत तर नाही." नातेवाइकांचा सूर वेगळा. माझी आत्या प्रत्येक लग्नात मला बाजूला घेऊन म्हणायची, "इतकं अभद्र कशाला लिहितेस गं? घरात लेकरंबाळं आहेत." तरी लिहीत राहिले. कथांची पुस्तकं आली, मधेच एक कवितांचं आलं, ते कुणाच्या फारसं लक्षात नाही. दिवाळी अंकवाले मात्र न चुकता फोन करत, "मॅडम, यंदाही अंगावर काटा आला पाहिजे."

अशाच एका अंकासाठी मी शेततळ्याची कथा लिहिली. आमच्याकडे गावोगाव शेततळी झाली आहेत. आत प्लास्टिकचा कागद अंथरलेला, त्यावर शेवाळ. माणूस घसरून आत गेला की वर चढायला हाताला काही लागत नाही. उन्हाळा आला की पेपरात तशा बातम्या येतात. माझ्या कथेतली मुलगी अशीच बुडते. मग रोज दिवेलागणीला घराचं दार वाजतं. आई दार उघडते, बाहेर कुणी नसतं, ओट्यावर ओली पावलं असतात. शेवटी एके दिवशी आई त्या पावलांमागून निघून जाते. कथा वाचकांना आवडली. लोकांनी फोन करून सांगितलं, संध्याकाळी दार उघडायची भीती वाटते म्हणून. मला बरं वाटलं.

चैत्रातल्या एका दुपारी देवपुरातल्या माझ्या घरी एक बाई आल्या. साक्रीकडच्या एका गावाहून एसटीनं आल्या होत्या. माझ्याच वयाच्या, उन्हानं चेहरा काळवंडलेला, हातात पिशवी. पुतण्यानं ती कथा मोठ्यानं वाचून दाखवली होती आणि माझा पत्ताही त्यानंच शोधून दिला होता. मी पाणी दिलं. त्या प्यायल्या नाहीत.

"तुम्हीच लिखेल शे ना ती तळानी गोष्ट?"

"हो, अक्का."

"मन्ही पोर बी तशीच गयी."

मला वाटलं, आता या भांडणार. त्यांचं दुःख मी विकायला काढलं असं म्हणणार. मी घाईघाईनं सांगायला लागले, की मला तुमच्याबद्दल काहीच माहीत नव्हतं, बातम्या वाचून सुचलं. त्यांनी हातानं मला थांबवलं.

"पन ती कधीच परत वनी नही," त्या म्हणाल्या. "मी रोज दार उघाडस. तुम्हनी गोष्टमा येस ना पोर. मंग काय करनं पडस, ताई? दिवा लावना? काही ठेवनं पडस का? माले भ्याव लागत नही."

इतकी वर्षं लोकांना घाबरवण्याचे नाना प्रकार मी शोधून काढले होते. या बाईला त्यातलं काहीच नको होतं. शेवटी खरं तेच सांगितलं, "अक्का, ते मी मनानं लिहिलंय. तसं कुणी येत नाही."

"मंग बठ्ठं खोटं शे?"

मी मान डोलावली. त्यांनी मघाचा पाण्याचा पेला जवळ ओढला. मग पाणी प्यायल्या आणि मुलीबद्दल बोलू लागल्या. वेणी घालून घेताना ती कशी आरडाओरडा करायची, बापाच्या ताटातलीच भाकरी कशी खायची. उन्हं उतरल्यावर मी त्यांना स्टँडवर सोडून आले.

त्यानंतर मी एक कविता लिहिली, अहिराणीत. ती माझ्या आईची बोली. घरी आयुष्यभर ऐकली, पण तिच्यात एक ओळ कधी लिहिली नव्हती. कवितेत मुलगी परत येत नाही. आई तिला हाका मारते, एवढंच. ती घेऊन मी त्यांच्या गावी गेले आणि ओट्यावर बसून वाचून दाखवली. त्यांनी डोळे मिटून ऐकली.

"चांगलं शे," त्या म्हणाल्या. "पन तिना आवाज बारीक नव्हता. जाडा व्हता. तिले बठ्ठा चिडवेत." मी तिथंच तो शब्द बदलला. त्या पहिल्यांदा जराशा हसल्या.

त्याच वर्षी मुंबईहून फोन आला. मोबाइलवर बघायच्या सिनेमासाठी त्यांना तीच कथा हवी होती, आणि पटकथा मीच लिहावी असं म्हणत होते. मी हरखले. करार वगैरे माझ्या मुलानं बघितला. पटकथेत मी शेवट बदलला. आई दार उघडते, मुलगी खरोखर उभी असते, आई तिला पाटावर बसवून केस पुसते. बस. एवढाच शेवट.

दिग्दर्शक तरुण होता, बोलायला नम्र. "मॅडम, छान आहे, पण प्रेक्षक घाबरला पाहिजे ना? हे तर रडवतंय."

"मग रडू दे."

"हॉरर आहे, मॅडम."

मी पुन्हा लिहिलं, पुन्हा भांडले. हळूहळू त्यांचे फोन कमी झाले. सिनेमा आला तेव्हा कळलं, शेवट दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतला होता. मुलीचे डोळे पांढरे, ती भिंतीवरून सरपटत येते, आईचा गळा धरते. सुरुवातीला मोठ्या अक्षरांत माझं नाव. नातेवाइकांनी अभिनंदनाचे मेसेज पाठवले, आत्यानंसुद्धा.

अक्कांच्या पुतण्यानं तो सिनेमा फोनवर काकूला दाखवला. गोष्ट आपल्या ताईंची आहे, या कौतुकानं. मग त्याचाच मला फोन आला. काकू संध्याकाळ व्हायच्या आत कडी लावून घेते म्हणाला, कुणालाच उघडत नाही.

मी गेले. दुपारच होती, तरी कडी लावलेली. माझा आवाज ओळखून त्यांनी उघडलं. सिनेमा वेगळा, मी तसं लिहिलं नव्हतं, हे मी तीनतीनदा सांगितलं. त्या ऐकत होत्या. मग दाराकडे बघत हळूच म्हणाल्या, "ती वनी ते मी काय करू, ताई?"

मी म्हटलं, "ती नाही येणार." आधीही मी हेच सांगितलं होतं. तेव्हा त्यांना ते सहन झालं नव्हतं. आता त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि विचारलं, "नक्की ना?"

"नक्की."

पावसाळ्याआधी त्यांचे भाऊ त्यांना जामनेरला घेऊन गेले. तिकडे घर बाजारपेठेत आहे, शेजार भरपूर. मी मधूनमधून फोन करते. कापूस, भाचीचं लग्न, गुडघे असं बोलतो. मुलीचं नाव त्या काढत नाहीत, आणि मीही नाही. मागच्या आठवड्यात त्यांनी विचारलं, "सध्या काय लिखी ऱ्हायनात?"

अंकवाल्यांचे फोन सुरू झाले होते, आणि टेबलावर एक कथा अर्धी पडली होती.

"काही नाही, अक्का," मी म्हटलं. "उन्हामुळे होतच नाही."

"बरं शे," त्या म्हणाल्या, आणि भावजयीला हाक मारायला वळल्या.